उकंडरावाची राहून गेलेली परिक्रमा

किन्हीराजाच्या उकंडरावाची आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून तो जन्मला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं, आणि शेजारणीनं "सापडला गं बाई" म्हणत उचलून परत आणून दिला. देवाची नजर चुकवायची ती जुनी रीत. देवाची नजर चुकली, पोर जगलं, पण घरादाराची नजर मात्र त्याच्यावर खिळली ती कायमची. पहिली भाकर त्याच्या ताटात, साय त्याच्या वाटीत, आणि तो बोलायला लागला की बाकीचे गप्प. असा वाढलेला माणूस पुढं बापामागं शेती बघू लागला, त्याला दोन मुली झाल्या, त्या लग्न होऊन सासरी गेल्या, तरी आपण बोलायचं आणि इतरांनी ऐकायचं हीच जगाची घडी आहे, असं त्याला मनोमन वाटत राहिलं.

गावानंही त्याला तसंच वागवलं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमायची. उकंडराव कापसाच्या गाड्या घेऊन कारंजाला आणि अकोल्याला जायचा, एकदा नागपूरही पाहून आला होता. रेल्वेचं इंजन पाणी कसं पितं हे तो हातवारे करून सांगायचा आणि माणसं तोंड उघडं टाकून ऐकायची. हा काळ पहिल्या जागतिक लढाईनंतरचा. वाशीमकडं रेल्वे नव्हती. आगगाडी पाहिलेला माणूस म्हणजे गावात वजनदार.

मग त्याचा शेजारी जगदेव बायकोला घेऊन नाशिक-त्र्यंबकला जाऊन आला. आल्या दिवसापासून पारावर जगदेवाची गोदावरी वाहू लागली. उकंडराव दोन-तीन वेळा मध्ये बोलला, "नागपूरले मी गेलतो तवा..." तर लोक म्हणाले, "थांबा ना पाटील, याले सांगू द्या." उकंडराव थांबला. घरी येऊन त्यानं हातपाय धुतले नाहीत, तसाच पाटावर बसला आणि बायकोला म्हणाला, "आपुन ओंकारेसरले जाऊ. नर्मदेले."

बायको पंचफुला धनजची. लग्नानंतर तिनं धनजचं माहेर, शिरपूरच्या जत्रा आणि किन्हीराजाचं शेत एवढंच पाहिलेलं. तव्यावरची भाकर उलटायची राहून गेली.

"मी बी?" तिनं विचारलं.

"जोड्यानं आंघोय करा लागते तिथं. तुले न नेऊन भागते काय?"

त्या वर्षी कापूस बरा झाला होता. संक्रांत झाल्यावर दोघं निघाली. गडी खेमा दमणी हाकत होता. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, पळायला चांगली. मालेगाव, मेडशी, मग पातूरचा घाट. घाटात बैलांना जड जाऊ नये म्हणून दोघं उतरून चालली. पंचफुला पुढं पुढं. एका वळणावर ती थांबली आणि खाली पसरलेल्या रानाकडं बघत म्हणाली, "अवो, पाहा ना, केवढं दूर दिसते!" उकंडराव मागून धापा टाकत येत होता. त्यानं पाहिलं नाही. दमणीत बोचकं नीट बांधलं की नाही, याच विचारात तो होता.

सगळा प्रवास असाच झाला. अकोल्याला गाडीत चढताना तो हमालाशी भांडला, भुसावळला गाडी बदलताना तिकीटवाल्याशी, आणि डब्यात जागेवरून एका म्हाताऱ्याशी. तिकिटं कमरेला आहेत की नाहीत हे तो सारखं चाचपायचा. खिडकीपाशी पंचफुला बसली होती. तिच्याजवळ खंडव्याकडची एक बाई बसलेली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण दोघींचं हसणं थांबत नव्हतं. तापीचा पूल आला तेव्हा दोघींनी हात जोडले, पदराच्या गाठीतलं नाणं पाण्यात टाकलं. उकंडराव तेव्हा बाकाखाली वाकून तांब्या शोधत होता. पुढं दूरवर डोंगरावरचा किल्ला दिसला म्हणून पंचफुलेनं त्याला हलवलं, तर तो म्हणाला, "मले झोपू दे. रातभर तुहीच राखण करून राह्यलो." तो झोपला नाही. डोळे मिटून तिच्या हसण्याचा आवाज ऐकत राहिला. ही घरी कधी अशी हसत नाही, असं त्याला वाटलं, आणि का कोण जाणे, ते त्याला आवडलं नाही.

खंडव्याला त्यानं कचोऱ्या खाल्ल्या. छोट्या लाईनीच्या गाडीतून मोरटक्क्याला उतरून बैलगाडीनं ओंकारेश्वरला पोचेपर्यंत पोट बिघडलं. नर्मदेचं हिरवं पाणी समोर, त्यात मधोमध बेटाचा डोंगर, त्यावर देऊळ, आणि हा नावेत काठाला डोकं टेकून डोळे मिटून पडलेला. जोड्यानं आंघोळ तेवढी कशीबशी झाली, दर्शन झालं, आणि त्यानंतर ताप भरून तो पंड्याच्या ओसरीवर आडवा झाला तो उठेचना. बेटाला फेरी घालायची, तीच तर मोठी गोष्ट. जगदेवाच्या त्र्यंबकाला तोड म्हणून त्यानं मनात धरली होती ती हीच परिक्रमा.

पंचफुला त्याच्या उशाशी बसून होती. ज्याच्या नावेतून हे आले त्या नावाड्याची बायको गोमतीबाई विचारपूस करायला आली. म्हणाली, मी उद्या परिक्रमेला निघालेय, बाई, तुम्ही चला. पंचफुलेनं नको म्हणून मान हलवली. तेव्हा उकंडरावच चिडून म्हणाला, "जाय ना मंग! दोघायनं इथं बसून काय करा लागते? येकाची तं होऊ दे."

ती गेली. सकाळी गेली, उन्हं उतरताना आली. पायाला धूळ, केसांत कुठलंसं रानफूल, आणि चेहऱ्यावर असं काही, की उकंडरावानं भिंतीकडं तोंड केलं. ती म्हणाली, "अवो, आयका ना, काय पाह्यलं म्या..." तो म्हणाला, "पोटात दुखून राह्यलं. मंग सांग." ते मंग काही आलं नाही. परतीच्या वाटेवर तिनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यानं दुसरंच काहीतरी विचारलं.

गावात आल्यावर उकंडराव पारावर बसला आणि त्यानं ओंकारेश्वर सांगायला घेतलं. सांगितलं काय, तर हमाल कसे लुटारू, डब्यात गर्दी किती, कचोरी कशी शिळी. "आमी परिक्रमा केली," असंही तो म्हणून गेला. तोंडातून निघालं आणि मग परत घेता आलं नाही. माणसं ऐकत होती, पण विडी पेटवायला, गुरं बघायला उठत होती.

तिकडं घरी पंचफुलेच्या अंगणात बायका जमायच्या. ती सरकी निवडता निवडता सांगायची. पुलावरून गाडी गेली की पोटात कसा गोळा येतो, नावेतून हात बुडवला तर पाणी कसं हाताला ओढतं, डोंगराच्या मागच्या बाजूला दगडात कोरलेले हत्ती कसे झुंजतात, आणि एका देवळात एवढी मोठी काळी पिंड आहे, की तिनं आणि गोमतीबाईनं दोन बाजूंनी कवेत घेतली तेव्हा कुठं बोटाला बोट लागलं. बायकांत जगदेवाची बायको सोजरबाई सगळ्यात पुढं. ती पुन्हा पुन्हा म्हणायची, "पिंडीचं सांग ना वं अजून येकडाव."

एका दुपारी उकंडराव शेतातून दोरखंड न्यायला घरी आला. अंगणात बायका होत्याच, पण दाराच्या चौकटीला टेकून जगदेव उभा होता. पारावरचा जगदेव, नाशिक-त्र्यंबकचा जगदेव, आणि पंचफुला माकडानं नारळ कसा पळवला ते हातवारे करून सांगत होती. जगदेव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. उकंडरावाला बघून तो म्हणाला, "उकंडराव, पंचफुलाबाईच्या तोंडून आयकलं अन् ओंकारेसर पाह्यल्यासारखं झालं! तुमी तं नुस्ती कचोरी सांगता."

सगळे हसले. पंचफुलाही हसली. उकंडरावाच्या कानशिलांत रक्त चढलं. आपल्या घरात, आपल्या अंगणात, आपण घडवलेल्या प्रवासाचं, आपण सोडून सगळं कौतुक दुसऱ्याचं! आणि ती दुसरी म्हणजे आपलीच बायको. परक्याचा हेवा वाटला तर माणूस त्याच्या घरी जायचं बंद करतो. इथं रोज तिच्याच हातची भाकर खायची होती.

माणसं गेल्यावर तो म्हणाला, "जगदेवासंग काय हासणं चाललं होतं?"

"माकडाचं सांगून राह्यली होती."

"आजपासून ओंकारेसराचं नाव काढाचं नाई. बायकाचं काम काय दुनियेले गोष्टी सांगाचं?"

पंचफुलेनं खाली सांडलेली सरकी सुपात गोळा केली. दुसऱ्या दिवसापासून तिनं ते इतकं तंतोतंत पाळलं, की उकंडरावालाच ते बोचू लागलं. बायका आल्या तर ती म्हणायची, "मले काई आठवत नाई. यायले इचारा." सोजरबाईनं पिंडीचं विचारलं तर, "यायले इचारा." माहेरहून भाऊ आला, त्यालाही तेच. आणि नुसतं ओंकारेश्वरच नाही, तिचं एकूण बोलणंच आटलं. मीठ हवं का, बैल आले का, एवढंच. बायकांना अंगणात यायचं कारण उरलं नाही. घर एवढं शांत झालं, की उकंडराव जेवताना खाकरायचा, तोही आवाज मोठा वाटायचा.

'यायले इचारा' म्हटल्यावर माणसं खरंच विचारायला लागली. पारावर एकदा जवळच्या तांड्यावरचा अमरसिंग बसला होता. तो ओंकारेश्वरकडच्या निमाडातून बैल आणून विकायचा, त्या मुलुखात त्याचं येणं-जाणं होतं. कुणीतरी उकंडरावाला विचारलं, "मांगच्या बाजूले काय हाय म्हन्ता डोंगराच्या?"

उकंडराव अडला. बायको अंगणात सांगायची त्यातलं हत्ती, पिंड, गोमतीबाई एवढं तुटक कानावर पडलं होतं, पण कुठं काय आहे ते त्यानं कधी नीट ऐकलंच नव्हतं. ती बोलायला लागली की तो दूर जायचा. मग जे सुचलं ते म्हणाला, "मांगं काय... बजार हाय. लय मोठा बजार. मिठाईची दुकानं."

अमरसिंग भाबडेपणानं म्हणाला, "मांगं बजार कवा झाला, पाटील? मी गेलो तं तिथं नुस्तं रान अन् पडकी देवळं. उलीसा चना भेटत नाई."

कुणी हसलं नाही. जगदेवही नाही. जगदेवानं पटकन बैलांच्या भावाचा विषय काढला, आणि तेच उकंडरावाला जास्त लागलं. आता हा आपल्यावर दया करतो!

गोष्ट घरी पोचायला वेळ लागला नाही. पंचफुलेला सोजरबाईनं सांगितली असणार. उकंडराव वाट बघत राहिला, की ही आता टोमणा मारेल, निदान तोंडात पदर धरून हसेल. ती हसली नाही. तिनं ताकाचा लोटा त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "भाजी अजून घ्या." बस्स.

त्या उन्हाळ्यात त्याला ध्यास लागला. नांगरट करताना, आंब्याखाली बसताना, डोक्यात एकच. तिनं पाहिलं आणि मी नाही. तिच्या डोळ्यांत ते हत्ती आहेत, ती पिंड आहे, आणि माझ्या डोळ्यांत पंड्याच्या ओसरीची भिंत. ते तिच्याकडून काढून घेता येत नव्हतं, आणि तिला मागायची जीभ होत नव्हती. पुढच्या संक्रांतीनंतर त्यानं जाहीर केलं, "आमी पुन्यांदा ओंकारेसरले चाललो." गाव म्हणालं, पाटलाची भक्ती मोठी. पंचफुलेनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि बोचकं बांधायला घेतलं.

या खेपेला ती वेगळीच वागली. गाडीत खिडकी त्याला दिली. त्यानं ऐटीत डोकं बाहेर काढलं आणि मूर्तिजापूरची गाडी शेजारून जाते ती बघू लागला, तोच इंजिनाचा कोळशाचा कण डोळ्यात गेला. भुसावळपर्यंत तो एका डोळ्यानं रडत होता आणि पंचफुला पदराच्या टोकानं तो कण काढत होती. तापीचा पूल आला तेव्हा त्याला दुसऱ्या डोळ्यानं तो दिसला. खाली पाणी इतकं खोल होतं, की त्यानं नकळत तिचा हात धरला. मग सोडला. खंडव्याला त्यानं कचोरीकडं ढुंकूनही पाहिलं नाही, घरचे धपाटे खाल्ले.

ओंकारेश्वरच्या घाटावर ते उतरले, तोच एक बाई ओरडत धावत आली. गोमतीबाई. तिनं पंचफुलेला कडकडून मिठी मारली, तिचे हात हातात घेतले, मुलींची नावं घेऊन चौकशी केली. वर्षाआधीची एका दिवसाची ओळख, पण तिला सगळं पाठ. उकंडराव बोचकं घेऊन शेजारी उभा. बऱ्याच वेळानं तिचं लक्ष गेलं तेव्हा ती म्हणाली, "अच्छा, ये तुम्हारे मालक? पेट ठीक है ना अब?" एवढीच त्याची ओंकारेश्वरातली कीर्ती. या नदीकाठीसुद्धा आपण हिच्या मागचा माणूस आहोत, हे त्याला गिळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी परिक्रमेला दोघंच निघाली. गोमतीबाई येते म्हणाली होती, पण पंचफुलेनंच तिला नको म्हटलं. वाट चढणीची, दगडांची. उकंडराव पुढं, ती मागं. ती एक शब्द बोलेना. वाटेत पडकी भिंत आली, तुटकी मूर्ती आली, झाडावर काळ्या तोंडाची वानरं आली. हिला सगळं माहीत आहे आणि ही काही सांगत नाही, या विचारानं तो चिडत गेला.

"सांग ना काई," शेवटी तो म्हणाला. "गावाले सांगता येते, मले नाई?"

"तुमीच पाहा ना. म्या सांगतलं तं ते माहं होते. मंग तुमाले सलते."

तिला ठाऊक होतं तर. इतके दिवस सगळं ठाऊक होतं.

हत्ती आले. दगडी चौथऱ्यावर कोरलेले, काहींच्या सोंडा तुटलेल्या. उकंडराव त्यांच्यापुढं बराच वेळ उभा राहिला. त्याच्या मनात ते खऱ्या हत्तींएवढे झाले होते, वर्षभर मनात वाढत गेले होते. इथं तर ते त्याच्या छातीलाही येत नव्हते.

"तू तं लय मोठ्ठे सांगतले होते," तो म्हणाला.

"मले तवा मोठ्ठेच दिसले."

मग ते पिंडीचं देऊळ आलं. आत अंधार, गारवा, आणि मधोमध ती काळी पिंड. ही मात्र सांगितली होती तेवढीच होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. उकंडरावानं धोतर सावरलं आणि म्हणाला, "तू तिकून ये. मी इकून धरतो."

दोघांनी दोन बाजूंनी पिंडीला मिठी मारली. गाल गार दगडाला. त्यानं हात ताणले, तिनं ताणले. बोटं भेटेनात.

"गोमतीबाईसंग लागले होते," तो दगडाआडून म्हणाला. आवाजात खरोखरचं दुःख होतं. "माह्यासंग काहून लागत नाई?"

"पोट आत घ्या," पंचफुला पलीकडून म्हणाली.

त्यानं पोट आत घेतलं. बोटांची टोकं टेकली. तिला हसू आलं, आगगाडीतलं ते हसू, आणि ते दगडातून त्याच्या गालाला जाणवलं. तोही हसला, आणि हसताना पोट बाहेर आलं, बोटं सुटली.

बाहेर पायरीवर बसून तिनं भाकरीचं फडकं सोडलं. खाता खाता ती आपणहून बोलली.

"मागच्या खेपेले मी फिरून राह्यली होती, पण जीव ओसरीवर. तुमाले ताप भरला होता. परक्या मुलखात तुमचं काई झालं तं, असं सारखं मनात. मंग म्या ठरवलं, सारं नीट पाहून घेतो, जाऊन सांगतो, म्हंजे तुमची बी परिक्रमा होईन. येक येक दगड तुमच्यासाठी पाह्यला. अन् आली तं तुमी भिताडाकडं तोंड केलं. साऱ्या गावानं इचारलं. तुमी येकदा तरी इचारलं काय?"

उकंडराव भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. खाली नर्मदेच्या दोन धारा येऊन मिळत होत्या, त्यांच्याकडं बघत राहिला. नाही विचारलं, असं म्हणायचं होतं. चुकलो, असंही म्हणायचं होतं. जन्मापासून कुणी त्याला ते म्हणायला लावलं नव्हतं, त्यामुळं ते कसं म्हणतात हे त्याला येत नव्हतं. तुकडा फडक्यावर ठेवत तो म्हणाला, "त्या माकडानं नारळ पळवला, तो कुठीसा?"

"इथंच. तुमी बसले तिथं."

"मंग सांग बरं. पयल्यापासून सांग. अकोल्यापासून."

तिनं सांगितलं. परिक्रमेच्या उरलेल्या वाटेवर, नावेत, छोट्या गाडीत, मोठ्या गाडीत. अकोल्याहून दमणीत बसल्यावर पातूरच्या घाटापर्यंत ती सांगत होती आणि खेमा बैलांचे कासरे सैल सोडून कान मागं लावून ऐकत होता. एकदा उकंडरावाच्या तोंडावर आलं, की तू तुझे बैल बघ. पण ते त्यानं दाबलं.

यानंतर उकंडराव बदलला, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. पंचफुलेच्या अंगणात बायका पुन्हा जमू लागल्या, जगदेवही यायचा. उकंडराव ओट्यावर बसून ऐकायचा आणि लोक तिला वाहवा म्हणाले की त्याचा चेहरा अजूनही आंबट व्हायचा. "पूल तिथं नाई, त्याच्या पुढं," असं तो मध्येच बोलायचा. "इंजन तवाच पाणी प्यालं." पंचफुला म्हणायची, "हो, बराबर," आणि पुढं जायची. पण पारावर त्यानं स्वतःच सांगून टाकलं होतं, की पहिल्या खेपेची परिक्रमा एकट्या बायकोची, मी ओसरीवर लोळत होतो. बाजाराची गोष्ट मी बनवली. अमरसिंगाला तेव्हा फार संकोच झाला म्हणतात.

पुढं ते दोघं रामटेकला गेले, माहूरला गेले, एकदा जगदेव आणि सोजरबाईलाही बरोबर घेतलं. त्या प्रवासात उकंडराव सोजरबाईशी भांडला, कारण तिला खिडकी हवी होती. दुसरी लढाई लागली, गाड्या शिपायांनी भरून जाऊ लागल्या, आणि त्यांचं हिंडणं थांबलं. तोवर उकंडरावाची छातीही कफानं भरून यायला लागली होती. शेवटच्या हिवाळ्यात त्याची बाज आतल्या खोलीत असायची. कुणी पाव्हणा आला आणि बाहेर पंचफुला सांगायला बसली, की आतून खोकल्याबरोबर त्याचा आवाज यायचा.

"जरा मोठ्यानं सांग वं. इथं आयकू येत नाई."